चाळीसचं ॲव्हरेज

१

आग विझली, पाण्याचे टँकर परत गेले आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की राखणदार रतनमामा कुठं दिसत नाहीत. लग्नाला गेले असतील, असं सगळे म्हणाले. त्या रविवारी डाळजमधलं जवळजवळ प्रत्येक घर इंदापूरला लग्नाला गेलं होतं. पण मामा गेले नव्हते. पाय सुजले म्हणून ते मागं राहिले होते. पॅकहाउसची राखण करता करता, ओल्या पोत्यांमुळं जरा गार लागतं म्हणून डाळिंबाच्या खोक्यांच्या थप्पीमागं दुपारचे आडवे झाले होते. तिथंच ते सापडले. धुरानं गुदमरले होते, अंगाला आग फारशी लागलीच नव्हती.

मी विनया, सहायक पोलीस निरीक्षक. घर बारामतीत, नोकरी इंदापूर तालुक्यात, त्यामुळं अर्धं आयुष्य रस्त्यावर. एप्रिलचं ऊन, धरलेली कंबर आणि नुकताच परत आलेला रजेचा अर्ज, एवढं घेऊन मी त्या काळ्या पडलेल्या शेडसमोर उभी राहिले. माणूस मेला की राग यावा असं मला अजून वाटतं. पण हल्ली राग यायच्या आधी थकवाच येतो, त्याला काय करणार.

शेडच्या मागच्या बाजूला रिकाम्या पुठ्ठ्यांचा ढीग होता, तिथूनच आग सुरू झाली होती. तिथली माती मी चिमटीत धरून हुंगली. पेट्रोल.

पॅकहाउस गोकुळचं. आसपासच्या शेतकऱ्यांकडून डाळिंबं घ्यायची, निवडायची, खोक्यात भरायची आणि निर्यातवाल्या कंपनीला द्यायची, हा त्याचा धंदा. तो डोकं धरून बांधावर बसला होता. कुणावर संशय आहे का, असं मी विचारलं, तर त्याला विचारच करावा लागला नाही.

"पळसदेवचा दिग्विजय. त्येचा निम्मा माल डागी निघाला, चिरलेला. म्या दर पाडला, तर त्यो आज भर मांडवात अंगावर आला. तुजं शेडच पेटवून देतो म्हनला. अख्ख्या मांडवानं ऐकलंय, मॅडम. मग अक्षतांच्या आधीच ताटावरनं उठून गाडीला किक मारून गेला."

"किक नसते हो त्या गाडीला," माझा हवालदार सुयोग मध्येच बोलला. त्याला गाड्यांचं फार वेड. "बटनस्टार्ट क्रूझर हाय त्येची. पंधरा लिटरची टाकी." मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, पंपावर बाटलीत पेट्रोल कुनी देत न्हाय. ही आग ज्यानं लावली त्यानं पेट्रोल कुठल्या तरी गाडीच्या टाकीतनंच काढलंय."

२

पळसदेवला दिग्विजयचं घर शोधावं लागलं नाही. दारात निळ्या कापडाखाली गाडी झाकलेली होती. आडवी, बुटकी, लांब हँडलची, रुंद टायरची. अशी गाडी आपल्याकडं दारात उभी राहिली, की माणसं आधी गाडीशी बोलतात आणि मग मालकाशी.

दिग्विजय पंचविशीचा. डोळे लाल झाले होते. मांडवातून निघालो तो सरळ घरी आलो, म्हणाला. घरी कोण होतं? कुणीच नाही, सगळे लग्नात. वाटेत कुणी भेटलं? नाही. धमकी दिली होती का? दिली होती.

"रागात बोललो, मॅडम. माजा माल एक नंबर हुता. म्या सोता तोडलाय, सोता गाडीत भरून पोचवलाय. त्यात चिरलेलं फळ येनारच न्हाय."

त्याचे वडील सोपानआबा बाजेवर बसले होते. पांढरा सदरा, ताठ मान. पोलिसांची गाडी पाहून अंगणात दहा-बारा माणसं जमली होती आणि कुणी ना कुणी वाढतच होतं.

सुयोगनं कापड बाजूला केलं. गाडीत किलोमीटर मोजायचा वेगळा आकडा असतो, तो शून्यावर आणता येतो. दिग्विजय दर वेळी टाकी फुल करून तो शून्यावर आणायचा. या वेळी बारामतीला टाकी फुल केली होती, पंपाच्या कॅमेऱ्यात ते नंतर दिसलंही. आकडा होता दोनशे चाळीस. सुयोगनं टाकीतलं पेट्रोल मापाच्या डब्यात काढलं. सहा लिटरच्या जरासं वर भरलं.

"ॲव्हरेज किती देती वो?" त्यानं सहज विचारलं. आपल्याकडं कुठलीही गाडी दिसली, की हा प्रश्न विचारलाच जातो. पाहुण्यांना पाणी विचारावं इतक्या सवयीनं.

दिग्विजयनं तोंड उघडलं होतं. पण त्याच्या आधी बाजेवरून आवाज आला.

"चाळीस," सोपानआबा म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले, अंगणातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "चाळीसच्या खाली कवा येतच न्हाय. भारी गाडी हाय."

माणसांनी माना डोलावल्या. सुयोगनं बोटांवर हिशेब केला. दोनशे चाळीस किलोमीटरला, चाळीसनं, सहा लिटर. पंधरातून सहा गेले, तर टाकीत नऊ उरायला हवेत.

"मॅडम, तीन लिटर कमी हाय," तो हळूच म्हणाला.

मी दिग्विजयकडं वळले. "खरंच चाळीस देते?"

त्यानं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा अंगणातल्या माणसांकडं. मग मान खाली घातली.

"देती," तो म्हणाला.

मग तीन लिटर पेट्रोल गेलं कुठं, याचं उत्तर त्यानं दिलं नाही. संध्याकाळी तो आमच्या कोठडीत होता.

३

कोठडीतही तो बोलेना. जेवण परत पाठवायचा. साहेबांचा फोन आला, "धमकी आहे, पेट्रोल आहे, अजून काय पाहिजे? आटपा." मलाही आटपायचंच होतं. पण ज्यानं माणूस मारला तो आपल्या डाळिंबांची एवढी बाजू घेत बसेल का? हा प्रश्न कंबरेसारखाच छळत होता.

म्हणून मी पुन्हा गोकुळकडं गेले. त्यानं आगीतून वाचलेलं एक खोकं मला उघडून दाखवलं. वरच्या थरात लालबुंद, एकसारखी फळं. खाली चिरलेली, डागाळलेली.

"बघा, हा त्येचाच माल. वर चांगला, खाली कचरा. आन आगीच्या दुसऱ्याच दिशी कंपनीचा मानूस खोकी तपासाय येनार हुता! माजं नाव गेलं असतं."

"ही खोकी कुणी भरली?"

"प्रतवारी सगळी दाजी बघत्यात. ऋषिराज. माज्या बहिनीचे मालक. मी तर बागा हिंडत असतो."

ऋषिराज शेडच्या राखेत उरलंसुरलं गोळा करत होता. चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला मऊ. माझ्यासाठी त्यानं लगेच खुर्ची आणली, सावलीत ठेवली. या प्रकरणात मला खुर्ची देणारा तो पहिलाच माणूस.

"रतनमामांचं लई वाईट झालं, मॅडम," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले. "मला पोरासारखं समजायचे."

आम्ही हायवेवरच्या पंपांचे कॅमेरे तपासतोय, एवढंच मी त्याला सांगितलं. गावात ते लपून राहणार नव्हतंच.

"मंग मी दिसंनच त्यात," तो चटकन म्हणाला. "सकाळी टाकी फुल केली आन सांजच्याला परत फुल केली. चार लिटर बसलं. काय करनार, माजी गाडी लई पेट्रोल पिती. पस्तीसच देती. दोन खेपा झाल्या ना इंदापूरच्या. आधी मंडळींना सोडलं, मग आईला न्यायला परत आलो. संपलं पेट्रोल."

त्याची गाडी शेजारीच उभी होती. साधी, हलकी, शंभर सीसीची, मागं दुधाची किटली अडकवायचा हूक.

परत निघाल्यावर जीपमध्ये सुयोगनं हिशेब घातला. डाळज ते इंदापूर दोन वेळा जाऊन-येऊन एकशे चाळीस किलोमीटर. पस्तीसनं चार लिटर. "बरोबर बसतंय की, मॅडम. थेंब इकडंतिकडं न्हाय."

इतकं बरोबर बसलेलं मला माझ्या सगळ्या नोकरीत आवडलेलं नाही. पण का आवडलं नाही, ते सांगता येईना. त्या संध्याकाळी ते मला दुसऱ्याच एका माणसाच्या तोंडून कळलं, आणि तो माणूस माझ्याच घरात राहतो.

४

माझा नवरा नीळकंठ बारामतीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. मी घरी पोचले तेव्हा खालच्या मजल्यावरचे शेजारी चहाला बसले होते. त्यांना स्कूटर घ्यायची होती, आमच्यासारखीच.

"ॲव्हरेज काय पडतं, सर?"

"पन्नास," नीळकंठ म्हणाला. "आरामात."

मी चपला काढता काढता थांबले. ती स्कूटर मी चालवते. पेट्रोल मी भरते. ती अडतीस देते, आणि तीही मी हळू चालवते म्हणून. हे नीळकंठला माहीत आहे, कारण गेल्याच आठवड्यात त्यानं त्यावरून कंपनीला शिव्या दिल्या होत्या.

शेजारी गेल्यावर मी विचारलं, "पन्नास कुठून आणलेस रे?"

"अगं, सगळे तसंच सांगतात." त्याला लाज वगैरे अजिबात वाटली नव्हती. "अडतीस म्हटलं की समोरचा म्हणणार, फसलात राव. आपण घेतलेली गाडी आहे ना, दहा-बारा वर सांगायचेच. ऐकणाराही मनातल्या मनात तेवढे कमी करतो."

"आणि तू मुलांना संख्याशास्त्र शिकवतोस."

"ते वेगळं," तो म्हणाला आणि टीव्ही लावला.

मी चहा तसाच ठेवून बसून राहिले. खरंच की. भाऊ, दीर, आमच्या ठाण्यातले शिपाई, साहेब, कुणीही आपल्या गाडीचं ॲव्हरेज खरं सांगितलेलं मला आठवेना. सगळे चढवूनच सांगतात. मग दोनशे किलोची, रुंद टायरची ती क्रूझर शेतवाटेनं आणि बारामतीच्या गर्दीतून चाळीस कशी देईल? आणि ती चाळीस देत नसेल, तर ते तीन लिटर पेट्रोल टाकीतून कुणी काढलंच नव्हतं. ते गाडीनंच खाल्लं होतं.

मी सुयोगला फोन लावला आणि बोलता बोलता मला दुसरी गोष्ट सुचली. तिनं माझी झोपच उडाली. या सगळ्या चढवून सांगणाऱ्यांमध्ये एकच माणूस मला असा भेटला होता, ज्यानं आपल्या गाडीचं ॲव्हरेज न विचारता सांगितलं. आणि कमी सांगितलं.

५

सकाळी आम्ही क्रूझरची टाकी काठोकाठ भरली. सुयोगनं ती पळसदेवच्या शेतवाटांवरून फिरवली, बारामतीच्या बाजारातून काढली, थोडी हायवेला पळवली, दिग्विजय रोज चालवायचा तशी. त्याच पंपावर येऊन पुन्हा काठोकाठ भरली. हिशेब करून तो माझ्याजवळ आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"सत्तावीस, मॅडम."

"म्हणजे दोनशे चाळीसला?"

"नऊ लिटरच्या आसपास. टाकीत सहा उरनार. जेवढं उरलं हुतं तेवढंच." तो बुटाकडं बघत राहिला. "एकसारखी हायवेला चालवली तर बत्तीस-तेहतीस जाईल. त्याच्या वर या गाडीकडनं अपेक्षाच धरू नये. मला ठाऊक हुतं की वो. पन आबा म्हनले चाळीस, आन मी चाळीसच धरलं."

"तुझी किती देते?"

"साठ," तो म्हणाला. मग माझ्याकडं पाहिलं. "अठ्ठेचाळीस."

मी हसले नाही, कारण एक पोरगा त्या चाळीसच्या पायी आत बसून उपाशी मरत होता. आम्ही डाळजला गेलो. ऋषिराज बाजारात गेला होता, घरी त्याची बायको संजीवनी होती, गोकुळची बहीण. ती शिवणाचं काम करायची आणि भिगवणला कपडे पोचवायला नवऱ्याची गाडी न्यायची. गाडी आजही घरीच होती. चहा झाला. भावाचं शेड जळालं, मामा गेले, म्हणून ती रडली. आता मला फक्त एक साधा प्रश्न विचारायचा होता, आणि तो विचारताना मला स्वतःची किळस आली.

"गाडी चांगली ठेवलीय. ॲव्हरेज किती देते?"

तिनं डोळे पुसले. पदर सारखा केला.

"सत्तर," ती म्हणाली. "आमच्या गाडीला नाव ठेवाय जागा न्हाय, मॅडम. मी सोता चालिवती. सत्तरच्या खाली न्हाय."

"आणि लग्नाच्या दिवशी तुम्ही पुढं गेलात, मग हे आईंना आणायला परत आले?"

"व्हय. लई उशीर केला यांनी. अक्षता पडल्या तरी पत्ता न्हाय. विचारलं तर म्हनले, आईला आवराय वेळ लागला. आन आई म्हनती, मी तर कवाची तयार हुते."

सुयोगनं तिच्या परवानगीनं गाडी नेली, भरली, फिरवली, पुन्हा भरली. सत्तर नाही, पण साठ दिली. एकशे चाळीस किलोमीटरला सव्वादोन-अडीच लिटर. आणि त्या संध्याकाळी टाकीत बसलं होतं चार. कोरड्या पुठ्ठ्यांचा ढीग पेटवायला दीड लिटर पुष्कळ झालं.

६

ऋषिराजला मी जळलेल्या शेडमध्येच गाठलं. त्यानं पुन्हा खुर्ची आणली. या वेळी मी बसले नाही.

"तुमची गाडी साठ देते," मी म्हणाले. "आम्ही चालवून बघितली. तुमच्या मंडळी तर सत्तर म्हणतात. या दोन तालुक्यांत आपल्या गाडीची बदनामी करणारा मला एकच माणूस भेटला, ऋषिराजराव. उरलेलं दीड लिटर पेट्रोल कुठं गेलं, ते तुम्हाला सांगायचं नव्हतं, म्हणून तुम्ही गाडीवर ढकललंत."

"सर्व्हिसिंग झालं असंल मधी..." तो पुटपुटला. पण गाडी गॅरेजला गेलीच नव्हती, कालपर्यंत त्याच्याच दारात उभी होती.

"दिग्विजयचा माल एक नंबरच होता ना? चांगली फळं काढून तुम्ही बाजारात परस्पर विकलीत आणि खोक्यात खाली रद्दी माल भरलात. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस खोकी उघडणार होता. खोकीच जळाली, तर कोण काय उघडणार?"

तो खाली बसला. राखेतच बसला, पांढरा पायजमा काळा झाला.

"आईला न्याय आलो तवा गावात कुनीच नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं मामा बी गेलं असतील. आईशप्पत, मॅडम. एकदा हाक मारली असती तरी... म्या हाकच मारली न्हाय. कुनी ऐकंल म्हनून भ्यालो." मग तो असा रडायला लागला, की सुयोगला त्याला धरून उभं करावं लागलं. मला त्याची दया आली आणि स्वतःचाच राग आला. मग रतनमामांचे सुजलेले पाय आठवले आणि दया उरली नाही.

संजीवनीला मीच जाऊन सांगितलं. तिनं हातातलं शिवण घडी करून ठेवलं आणि भावाकडं निघून गेली.

दिग्विजय सुटला त्या दिवशी दुपारी ठाण्याच्या व्हरांड्यात सोपानआबा येऊन उभे होते. तोच पांढरा सदरा, पण मान ताठ नव्हती. मुलगा बाहेर आला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि एकमेकांकडं बघेनात.

न राहवून मीच म्हणाले, "अरे, सत्तावीस देते एवढं सांगितलं असतंस, तर त्याच दिवशी मोकळा झाला असतास. का बोलला नाहीस?"

दिग्विजय बापाच्या पायाकडं बघत बोलला.

"गाडी घेताना आबा नको म्हनत हुते. म्या चाळीस देती म्हनून खोटं सांगितलं, तवा हो म्हनले. आन त्यांनी ते सगळ्या गावाला सांगितलं. त्येंच्या तोंडावर, सगळ्यांच्या म्होरं, सत्तावीस कसं म्हनू? बापाला खोटं पाडल्यागत झालं असतं." तो थांबला. "आबा, चुकलो मी."

सोपानआबांनी खांबाचा आधार घेतला.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले.

"काय?"

"पैल्या म्हैन्यातच कळलं हुतं मला. सारखा पंपावर पळायचास. बापाला दिसत न्हाय व्हय?"

"मंग चाळीस का म्हनला?" दिग्विजयचा आवाज फाटला. "पोलीस विचारत हुते, आबा!"

"अंगनात मानसं हुती रं," सोपानआबा म्हणाले. "तू खोटं बोलून गाडी घेतली, हे लोकांस्नी कळंल म्हनून. तुजी लाज जाईल म्हनून म्हनलो."

दिग्विजय पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागला. पंचविशीचा पोरगा, लहान मुलासारखा. आबा त्याच्या शेजारी टेकले, पण त्याच्या पाठीवर हात ठेवायचं धाडस त्यांना झालं नाही. मी दार ओढून आत गेले आणि कुणालाही बाहेर जाऊ दिलं नाही.